हत्तिणीचा दसरा

दसरा खरं तर गुरुवारीच होऊन गेला होता. पण आयर्लंडात आपले सण शनिवारी येतात, आणि देवांनाही आता त्याची सवय झाली असावी. कॉर्कजवळ कॅरिगलाइनला यशोधनकाकाच्या घरी त्या शनिवारी सकाळपासून वेलदोड्याचा घमघमाट सुटला होता, आणि पुऱ्यांच्या तेलाचा धूर लागून स्मोक अलार्म दोनदा कोकलून झाला होता.

"काढा रं त्याची बॅटरी," सणाला कोल्हापूरहून आलेली विजयालक्ष्मी आजी म्हणाली. "सणासुदीचं रडालंय मेलं."

मुक्ता खुर्चीवर चढली, बॅटरी काढली आणि टाळी वाजवून खाली उडी मारली. गेल्या वर्षीची मुक्ता असती तर खुर्चीवर चढायच्या आधी तीन जणांकडे बघत बसली असती. पण ती मुक्ता आता कुठे राहिली होती! गेलं वर्ष शाळेत तिचं ट्रान्झिशन इयर होतं. त्या वर्षी परीक्षा नसते, जे हाताने करून बघावंसं वाटतं ते करायचं असतं. तिच्या मैत्रिणींनी कॅफेत कॉफी केली, कुत्री फिरवली. मुक्ता मात्र दर पंधरा दिवसांनी डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सहून निघून कॉर्कला काकाकडे यायची आणि रविवारी नखांत काळं ग्रीस घेऊन घरी परतायची. तिचं मराठीसुद्धा त्या वर्षात मोकळं सुटलं. व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलून बोलून ते असं काही कोल्हापुरी झालं होतं, की त्यात मधूनच डब्लिनचा 'ग्रँड', म्हणजे 'एकदम ठीक', आला की आईला हसू आवरत नसे.

ग्रीस होतं हत्तिणीचं. हत्तीण म्हणजे काकाची एकाहत्तर सालची शेव्हेल. अमेरिकेत जन्मलेली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली, व्ही-एट इंजिनाची लालभडक गाडी. आजी पहिल्यांदा आली तेव्हा ते लांबलचक नाक आणि रुंद मागची बाजू बघून म्हणाली होती, "आगं बया, ही तर हत्तीणच की!" तेव्हापासून घरात तिला दुसरं नाव उरलं नाही. हत्तीण सुरू झाली की शेजारच्या मिसेस टूमीच्या खिडक्या थरथरायच्या. पण वर्षभर ती मुकी होती. तिच्या चाकामागचा सगळा खांब, म्हणजे स्टिअरिंग कॉलम, सुटा होऊन काकाच्या टेबलावर आला होता. आणि तो पुन्हा नवा करायचं काम मुक्ताने अंगावर घेतलं होतं. बेअरिंग झिजलेलं, इंडिकेटरचा खटका तुटलेला, हॉर्नची तार गंजलेली, बाहेरच्या नळकांड्यावर रंगाचे पोपडे. एकेक भाग तिने सोडवला, घासला, बदलला, रंगवला. आता फक्त मधला शाफ्ट नळकांड्यात सरकवायचा आणि सगळं गाडीत बसवायचं, एवढंच उरलं होतं.

पण वेळही तेवढाच उरला होता. काकाची कंपनी त्याला रिंगास्किडीच्या कारखान्यातून सिंगापूरला पाठवत होती. नोव्हेंबरात घर रिकामं. हत्तीण एक तर स्वोर्ड्सला मुक्ताच्या घरी जाणार होती, नाहीतर जुन्या गाड्या घेणाऱ्या मॅलोच्या डोनलला विकली जाणार होती. तो उद्या सकाळी दहाला यायचा होता. आणि स्वोर्ड्सच्या वाटेत बाबा उभा होता.

"तो खांब म्हणजे भाला आहे, भाला," पुरीचा घास श्रीखंडात बुडवत बाबा म्हणाला. उपेंद्र टॅलाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. परक्यांना झोपवणं हा त्याचा धंदा आणि घरच्यांची झोप उडवणं हा छंद, असं आई म्हणायची. "ड्रायव्हरच्या छातीवर रोखलेला भाला. एअरबॅग नाही, काही नाही."

"बाबा, ते फार जुन्या गाड्यांत होतं. हिचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. वरची दांडी खालच्या नळीत बसते, आणि दोन्ही जागेवर राहाव्यात म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पिना..."

"प्लास्टिक!" बाबाने पुरी ताटात ठेवली. "ऐकलंस, उल्का? प्लास्टिकवर आहे सगळं."

"अरे, तेच तर! प्लास्टिकच पाहिजे!" मुक्ताने दोन मुठी एकमेकींत घुसवून दाखवल्या. "गाडी आपटली की पिना तुटतात आणि दांडी नळीत अशी सरकते. खांब मोडतो, माणूस नाही मोडत. कसलं भारी डोकं लावलंय!"

"आणि गाडी न आपटताच तुटल्या तर? पन्नास वर्षांच्या आहेत म्हणे."

"म्हणून तर तिथे हातोडी चालवायची नाही. एकसुद्धा नाही. काकाने सगळ्या हातोड्या प्रेसमध्ये टाकून कुलूप घातलंय." कपाटाला प्रेस म्हणायची तिथली रीत तिच्या मराठीत कधीच पक्की झाली होती.

"मला विचाराल तर," उर्मिलाकाकू कढईपाशी उभी राहून म्हणाली, "मला रिकामं गॅरेज हवंय. घर भाड्याने द्यायचंय. हत्तीण मॅलोला जाऊ दे नाहीतर त्र्यंबकेश्वरला जाऊ दे."

"उर्मिला, तू माझ्या बाजूने असायला हवीस," काका म्हणाला.

"लग्नात तसं काही ठरलं नव्हतं."

आजीने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "गाडी घरची हाय, घरात राहू दे. पर पोरीनं चालवायची न्हाई. उपाचं बरोबर हाय."

"आजी! तू माझ्याकडून आहेस का बाबाकडून?"

"मी दोघांकडनं हाय. जेव तू."

शेवटी तडजोड आईने काढली. पुण्याची उल्का ऑफिसात दिवसभर भांडणारे दोन संघ सांभाळायची, त्यामुळे घरातलं भांडण म्हणजे तिला विरंगुळाच. "उपेंद्र, न बघताच कशाला नाही म्हणतोस? आज ते खांब बसवणार आहेत ना? तू स्वतः सीटवर बस, चाक फिरव, हलवून बघ. मग काय ते ठरव."

बाबाने मुक्ताकडे पाहिलं. तिने श्वास धरून ठेवला होता आणि गाल फुगले होते.

"ठीक आहे. संध्याकाळी बघतो. पटलं तर विचार करीन. नाही पटलं तर उद्या दहाला डोनल आहेच."

बाबाच्या तोंडून 'विचार करीन' म्हणजे इतर बापांच्या तोंडून मिठी! मुक्ता टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने त्याच्या टकलावर ओठ टेकवले. श्रीखंडाचा ठसा उमटला.

पूजा गॅरेजात मांडली. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती हत्तिणीच्या नाकावर माळली होती. काकाचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ओळीने मांडून आजीने एकेकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. टेबलाच्या टोकाला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात, लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरलेला शाफ्ट ताठ उभा होता. खाली काळी रंगवलेली नळी, वर आरशासारखी घासलेली दांडी, आणि दांडीच्या टोकाला आटे खराब होऊ नयेत म्हणून चढवलेला जाडजूड नट. नळीच्या अंगावर पिनांची पांढरी टोकं बारीक ठिपक्यांसारखी दिसत होती. आजीने त्यालाही कुंकू लावलं आणि कौतुकाने म्हणाली, "ह्यो बघा, म्हसोबा कसा उभा हाय!"

"यशोधन, कापूर कुठाय?" काकूने विचारलं.

"किचनमध्ये असेल. बघतो." काका आत गेला.

"आणि सोनं? पानं कुणी आणलीत का?"

"मी आणते!" मुक्ता अनवाणीच बाहेर पळाली.

शेजारच्या कुंपणापाशी बर्चचं झाड होतं, त्याची पानं ऑक्टोबरात खरोखरच सोन्यासारखी पिवळी होतात. आपट्यापेक्षाही जास्त सोनेरी, असं मुक्ताचं ठाम मत होतं, फक्त आजीसमोर ते बोलायचं नाही एवढंच. लांब रिंगास्किडीच्या पवनचक्क्या आरामात हात फिरवत होत्या. मिसेस टूमी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली होती.

"आज काय, गाडीचं लग्न?"

"तसंच समजा!"

"मग तिला सांग, माझ्या खिडक्यांवर दया कर."

मुक्ता ओंजळ भरून पानं घेऊन वळली, तेवढ्यात गॅरेजातून खणकन आवाज आला, आणि पाठोपाठ आजीचा हर्ष: "मोरया!"

आत गेली तर बाबा मधोमध उभा. रेशमी कुर्त्याची बाही कोपरापर्यंत ओली, दोन हातांत नारळाची दोन भकलं, आणि तोंडावर असं हसू, जे मुक्ताने शेवटचं कधी पाहिलं होतं तेही आठवेना.

"एका घावात!" बाबा म्हणाला. "बघितलंस? मधोमध. सर्जनलासुद्धा असं जमत नाही."

"माझ्या उपाचा हातच तसा हाय," आजी म्हणाली. "आता ऐक. पूजेला तू उभा राहिलास, नारळ तू फोडलास. स्वतःच्या हातानं पुजलेली वस्तू विकायची नसती. लक्ष्मी उठून जाती. आता न्हाई म्हणू नगंस."

"आई, हे बरं आहे तुझं. मघाशी तर माझ्या बाजूने होतीस."

"मघाशी नारळ फुटला नव्हता."

सगळे हसले. बाबाही हसला. ओल्या बाहीने कपाळ पुसत त्याने हत्तिणीच्या त्या लांब नाकाकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. "बरं. न्या स्वोर्ड्सला. हो म्हणतो मी. चाक संध्याकाळी फिरवीनच, पण हो."

मुक्ताने ओंजळीतली सगळी पानं छताकडे उधळली. सोन्याचा पाऊस पडला नुसता! काका कापूर घेऊन आला तो त्या पावसात, आणि काय झालं ते कळायच्या आधीच पुतणीने त्याला मिठी मारली. काकूसुद्धा टाळ्या वाजवत होती. आरती झाली, सगळ्यांनी सोनं वाटलं, थोरांच्या पाया पडून झालं. नारळ खरवडायला बाबा आणि आई आत गेले.

मुक्ता मागे रेंगाळली. टेबलावर नारळाचे बारीक तुकडे उडालेले होते. शाफ्टच्या बुडाशी एक पांढरा कण पडलेला तिला दिसला. प्रसाद वाया घालवू नये म्हणून तिने तो उचलून तोंडात टाकला आणि चावला.

कडक. ना गोड, ना ओला. तिने तो पुन्हा चावला, मग तळहातावर काढून पाहिला.

नारळ नव्हता तो.

तिने शाफ्टकडे पाहिलं. सकाळी घासून घासून चकाकवलेली वरची दांडी हाताच्या वितीपेक्षा जास्त दिसत होती. आता वीतही भरत नव्हती. नळीवरचे पांढरे ठिपके, एक होता, एक चिरलेला, एकाच्या जागी नुसतं भोक. नटाच्या डोक्यावर नारळाचा चोथा चिकटलेला होता आणि पाण्याचा ओघळ कुंकू घेऊन खाली आला होता.

"काका," ती म्हणाली. "काका, इकडे ये."

काकाने एकदा पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"इथे फोडला?"

आजी देव्हाऱ्याचं तबक आवरत होती. ती थबकली. "मीच म्हटलं त्याला. हातोडी मागितली तर तू कुलपात ठेवलीयास. पायरीवर फोडू म्हटलं तर ही उर्मिला म्हणाली, टाइल नव्या हायत. मग म्हटलं, उपा, ह्यो म्हसोबा चांगला घट्ट हाय, घाल ह्याच्यावर." ती जवळ आली. "का रं? काय झालं?"

मुक्ताने तळहात पुढे केला. "पिना तुटल्या, आजी. दांडी खाली गेली."

आजीला यंत्र कळलं नाही, पण दोघांचे चेहरे कळले. ती स्टुलावर बसली. कोल्हापुरात नारळ फोडायला अंगणात पाटा होता, देवळात दगड होता, विहिरीचा कठडा होता. इथे अख्ख्या घरात नारळासारख्या साध्या गोष्टीला एक दगड नव्हता. "आगं आई गं," ती पुटपुटली. "माझ्याच तोंडानं."

"तुझी काही चूक नाही, आजी. हातोड्या लपवा हे मीच म्हटलं होतं."

"लागतील पिना परत," काका म्हणाला. तो उकिडवा बसून भोकातून बघत होता. "सुटे भाग मिळतात. अमेरिकेहून मागवायचे. पण आठवडे जातील. आज तर..." तो उठला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ऐका. दादा हो म्हणालाय. तो हो पक्का होऊ दे. दांडी मी वर ओढतो, जागेवर धरतो, बसवतो. उभ्या गाडीत चाक फिरवायला काही होत नाही, त्याला फरकसुद्धा कळणार नाही. उद्या डोनलला येऊ नको म्हणून सांगू. मग सावकाश सगळं काढू आणि नीट करू."

"आणि दादांना त्या मोडक्यावर बसवणार?" काकू म्हणाली.

"उभी गाडी, उर्मिला!"

"सकाळपर्यंत मलाच ही गाडी नको होती. पण असं नको."

"यशा बरोबर बोलालाय," आजी म्हणाली. "माझ्या उपाला सांगू नगा. सणाच्या दिवशी आपल्या हातनं मोडलं म्हटल्यावर त्यो जेवायचा न्हाई. लहानपणी पाटी फुटली तरी दोन दिवस बोलत नव्हता."

मुक्ता तो कण बोटांत फिरवत होती. किती सोपं होतं! गप्प बसायचं, बस्स. गप्प बसण्यात तर तिचा हात कोणी धरला नसता, सोळा वर्षं तेच केलं होतं. हो मिळालेला होता. सगळ्यांसमोर, हसत, नारळाच्या पाण्याने ओला झालेला हो. असा बाबा पुन्हा कधी हसेल? आणि तिने आत जाऊन तोंड उघडलं, की उद्या दहाला डोनल.

पण संध्याकाळी बाबा सीटवर बसेल. चाक दोन्ही हातांत धरेल. तिला विचारेल, "नक्की ना गं?" आणि तिला म्हणावं लागेल, "ग्रँड आहे, बाबा."

"मी सांगते त्याला," ती म्हणाली.

"मुक्ता, सांगितलंस की गेली हत्तीण. समजतंय का तुला?"

"समजतंय ना, काका." तिने तो कण मुठीत घट्ट धरला. "मला काय कमी वाईट वाटतंय का? पण सांगते."

बाबा किचनच्या ओट्याशी सुरीने करवंटीतून खोबरं सोडवत होता, आणि गुणगुणत होता. आई शेजारी किसत होती.

"ये. हे बघ, करवंटी कशी सुटलीय, एक कपरा नाही. वड्या करू म्हणतेय तुझी आई."

"बाबा, नारळ शाफ्टवर फोडलास ना?"

"आजीच्या म्हसोबावर? हो. का?"

तिने सांगितलं. एका दमात, पूर्णविरामाशिवाय, मध्ये दोनदा नाक पुसत. हातोड्या कुलपात का होत्या, कण तोंडात कसा आला, दांडी किती खाली गेली, पिनांना किती आठवडे लागतील. "म्हणून आज नाही बसणार. बसवली तरी खोटी बसेल. आणि तू हो म्हणालास ते... ते तुला हे माहीत नसताना म्हणालास. म्हणून."

किसणीचा आवाज थांबला होता. बाबाने सुरी खाली ठेवली, हात धुतले. भूल द्यायला जाण्याआधी धुवावेत तसे, कोपरापर्यंत, सावकाश. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण त्याच्या जागी काय आलं होतं ते तिला ओळखता येईना.

"दाखव," तो म्हणाला.

गॅरेजात तिघे तसेच थांबले होते. काका काही बोलायला गेला, पण बाबाने हात वर केला. त्याने व्हाइसची दांडी फिरवून शाफ्ट सोडवला आणि हातात घेतला. पांढऱ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. वरची दांडी ओढली, ती आली. दाबली, ती गेली.

"गाडी आपटली तर हे असं होणार?"

"हो. इंजिन मागे आलं किंवा तू पुढे गेलास, तरी हे आधी जाणार."

बाबाने दांडी पुन्हा बाहेर ओढली. मग शाफ्टचं नळीचं टोक भिंतीला टेकवलं, नटाचं टोक स्वतःच्या छातीच्या मधोमध लावलं, आणि अंगाचा भार पुढे टाकला. आजी ओरडली. शाफ्ट कुरकुरला आणि नळीत सरकत गेला, सरकत गेला, आणि बाबा भिंतीवर झुकला तरी उभाच होता. त्याने तसंच कपाळ भिंतीला टेकवलं.

"दादा?" काकाने हाक मारली.

"मिरजेला शिकत होतो तेव्हा," बाबा भिंतीकडेच तोंड करून म्हणाला, "जीपवाले यायचे रात्रपाळीला. महामार्गावरचे. बाहेरून काही दिसायचं नाही रे. शर्टसुद्धा फाटलेला नसायचा. नुसता इथे, चाकाचा गोल वळ." त्याने छातीवर बोट फिरवलं. "त्यातला एक मुक्ताएवढा होता. मला वाटायचं, जुनी गाडी म्हणजे ती जीप." तो वळला. "त्यांच्या गाडीत हे नव्हतं."

मुक्ताने पुढे होऊन त्याच्या हातातून शाफ्ट घेतला. कुर्त्यावर छातीच्या जागी ग्रीसचा आणि कुंकवाचा डाग पडला होता.

"म्हणजे पिना लागतील परत?"

"लागतील. मी लावीन."

"किती आठवडे?"

"चार. पाच. कोण जाणे."

"आणि यशाला महिनाच आहे," काकू हळूच म्हणाली.

बाबाने काकाकडे पाहिलं. "तू काय करणार होतास? खरं सांग. बसवून देणार होतास ना तसंच?"

काका कान खाजवायला लागला. लहानपणापासून पकडला गेला की तो तेच करायचा. "उभ्या गाडीत काही होत नाही, दादा."

"ह्याला बघ! आणि आई, तूसुद्धा?"

"मी तुझ्यासाठी म्हणालते," आजी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

"पाटी फुटली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आई."

मग त्याने मुक्ताला जवळ ओढलं. तिचं डोकं बरोबर त्या डागावर आलं. "आमच्याकडे नवीन मुलं येतात ना कामाला," तो तिच्या केसांत बोलला, "त्यांची हुशारी मी बघतच नाही. हुशार सगळेच असतात. काही बिघडलं की मला हाक मारतात का, एवढंच बघतो. जो मारतो, त्याच्याकडे पेशंट सोडून मी चहाला जाऊ शकतो." त्याने तिची हनुवटी वर केली. "नारळाच्या वेळचा माझा हो विसर. तो आजीने उकळलेला होता."

मुक्ताने त्याच्या कुर्त्यात तोंड लपवलं. गेली. गेली हत्तीण.

"यशा, फोन दे तो. डोनलचा नंबर लाव."

पलीकडे घंटी वाजली, आणि बाबा त्या आवाजात बोलायला लागला, ज्या आवाजात तो नातेवाइकांना वाईट बातमी सांगायचा. मऊ, सावकाश. "डोनल? मी यशोधनचा भाऊ. गाडीबद्दल फोन केला. नाही, उद्या येऊ नका. स्टिअरिंगमध्ये गडबड झालीय, माझ्याच हातून. नाही, नाही, तुम्ही करून घ्याल ते खरं, पण विकायचीच नाही आता. दुरुस्त करणारी घरातच आहे. माझी मुलगी." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. बाबा ऐकत राहिला, आणि त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. "सोळा. हो, हो. तिला सांगतो."

"काय म्हणाला युवर मॅन, तो डोनल?" मुक्ता ओरडली.

"म्हणाला, तिचं शाळेचं झालं की मॅलोला पाठवा, त्याच्याकडे अशा तीन पडल्यात."

काकाने हत्तिणीच्या छपरावर थाप मारली. काकूने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "पण माझं गॅरेज रिकामं व्हायला पाहिजे हं!"

"होईल," बाबा म्हणाला, आणि त्याने किचनकडे तोंड करून हाक मारली. "उल्का! आपल्या गॅरेजात तो ट्रेडमिल आहे ना, तो कुणाला हवाय का विचार."

"कुठला?" आतून आईचा आवाज आला. "तू शर्ट वाळत घालतोस तो?"

"तोच."

मग किसणी परातीत पडल्याचा आवाज झाला आणि आई खोबऱ्याच्या हातांनीच दारात आली. तिने बाबाचा कुर्ता पाहिला, मुक्ताचं नाक पाहिलं, आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

"व्हय म्हणालाय का न्हाई म्हणालाय त्यो?" आजीने काकूला विचारलं. "मला नीट सांगा कुणीतरी."

"चालवायचं आत्ता नाव काढायचं नाही," बाबा बोट उगारून मुक्ताला म्हणाला. "पिना बसतील, मी बघीन, मग तू शिकशील, तेही माझ्या शेजारी. पटतंय का?"

मुक्ताने नुसती मान हलवली. खूप वेळा.

"मग रडतेस काय अशी? टेप आण. एवढी मोठी बाई आपल्या गॅरेजात मावते का ते तरी बघू."

टेपचं एक टोक बाबाने हत्तिणीच्या नाकाशी वाकून धरलं, आणि दुसरं घेऊन मुक्ता, अनवाणी, सोनेरी पानांवरून, तिच्या शेपटीकडे पळाली.